सहा पलंग, पाच ग्लास

९ जुलै २००६, रविवार

पुष्करकडे बार्बेक्यू. वर्ल्ड कपची फायनल. लंडनच्या या पिनरमधले सगळे मराठी पुरुष आज एकाएकी फ्रान्सच्या बाजूचे. का, ते मॅच सुरू व्हायच्या आधीच कळलं. चिमट्यानं पनीर उलटत पुष्करनं जाहीर केलं — "ऑक्टोबरमध्ये नऊ दिवस फ्रान्स. बाय रोड. शॅम्पेन, अल्सास, बर्गंडी. नुसती वाइन आणि सीनरी. मी-देवयानी, संजय-लीला, आणि या वेळी शेखर-सुचेताताई!"

या वेळी. अकरा वर्षं शेजारच्या रस्त्यावर राहतो. हे चौघं कॉर्नवॉलला गेले, टस्कनीला गेले, नॉर्वेला गेले. आम्ही दर वेळी फोटो बघायला गेलो. फोटो बघण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

देवयानी म्हणाली, "तुमच्याशिवाय मजा नाही गं." अकरा वर्षं बिचारीनं मजेशिवाय काढली.

शेखरचा चेहरा मात्र उजळला. नवऱ्याचा असा चेहरा मी याआधी कधी पाहिला होता ते आठवेना. पुष्कर, संजय आणि तो एकाच बँकेत. ते दोघं त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि दोन पायऱ्या वर.

मी म्हटलं, "आम्ही दोघंही घेत नाही. वाइनच्या गावाला जाऊन आम्ही करायचं काय?"

"अहो सुचेताताई," पुष्कर म्हणाला, "तेच तर!"

आणि पनीर उलटायला वळला.

१० जुलै

'तेच तर' म्हणजे काय?

१५ जुलै, शनिवार

कळलं.

पुष्करचा एक्सेल आला. त्रेपन्न ओळी, पाच रंग. डोव्हरची फेरी, हॉटेलं, द्राक्षांचे मळे, तळघरं, 'फोटो स्टॉप', 'लू स्टॉप' (म्हणजे बाथरूमसाठी). सात सीटची भाड्याची गाडी. आणि एक उभा रकाना — 'ड्रायव्हर'. पहिल्या दिवसापासून नवव्यापर्यंत एकच नाव. माझं.

तर मजा ती ही. सगळ्यांनी प्यायची, मग गाडी चालवणार कोण? न पिणारं माणूस हवं. न पिणारं, शिवाय मोटरवेवर न घाबरणारं. शेखरला एम-पंचवीस नुसता नकाशात पाहून घाम फुटतो. उरले मी.

देवयानीचा फोन आला. "तुमच्यात घेत नाहीत ना, किती छान आहे ते. आमच्यातले बघ." 'तुमच्यात' हा शब्द ती फार जपून उच्चारते. दुसऱ्याच्या घरातलं काचेचं भांडं उचलावं तसा. आमच्या पंचशीलातलं पाचवं शील, नशा करणार नाही म्हणून दिलेला शब्द, तिच्या लेखी ड्रायव्हिंग लायसन्सवरचा एक जादा शेरा आहे.

माझे आजोबा गावचे वेसकर. सरकारी पाहुणा आला की त्याचं सामान डोक्यावर घ्यायचं, पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवायचं आणि वेशीवरून मागे फिरायचं. नातीनं एम.एस्सी. केलं, लंडनच्या हॉस्पिटलात लॅब सांभाळली, आणि तिला डोक्याऐवजी सात सीटची गाडी मिळाली. प्रगती आहे.

शेखरला म्हटलं. तो म्हणाला, "विश्वास आहे त्यांचा तुझ्यावर. नाही का घेतलं आपल्याला?"

घेतलं. टायरबरोबर जॅक घेतात तसं.

१६ जुलै, रविवार

एक्सेल पुन्हा वाचला. (राग आला की मी वाचते. संसार त्यामुळेच टिकला.) हॉटेलात सहा जण. जेवायला सहा. टेस्टिंगच्या प्रत्येक ओळीत — पाच.

सहा जणांतून मी आणि शेखर वजा केले की चार राहतात. हे पुष्करला येत नसेल तर बँकेचं कठीण आहे.

ईमेल केला: टेस्टिंग चार हवं ना? उत्तर आलं: 'विल चेक!' आणि हसरा चेहरा.

शेखर म्हणाला, "टायपो असेल." प्रिंटची घडी घातली, खिशात ठेवली. स्वतःचं पगाराचं पत्रसुद्धा हा माणूस कधी खिशात ठेवत नाही.

२३ जुलै, रविवार

देवयानीकडे 'प्लॅनिंग मीटिंग'. संजयनं वाइनवरचं जाडजूड पुस्तक आणलंय आणि तो आता वाक्यात बोलत नाही, वासात बोलतो. ग्लासात नाक घालून म्हणाला, "लेदर. थोडं तंबाखू. ओली माती." ही सगळी वर्णनं माझ्या काकांच्या चपलेला लागू होती, पण तिला कुणी तळघरात ठेवून एकोणनव्वद सालची म्हटलं नाही.

लीलानं हुंगलं. "मला तर गं आमसुलाच्या साराचा वास येतोय."

चौघांत तेवढी एक खरं बोलते. लगेच नवऱ्यानं तिला दुरुस्त केलं.

पुष्कर 'हार्वेस्ट, हार्वेस्ट' करत होता. संजयच्याच पुस्तकात लिहिलंय, शॅम्पेन आणि बर्गंडीतली द्राक्षं सप्टेंबरातच तोडून होतात. म्हणजे ऑक्टोबरात हे रिकाम्या वेलींसमोर उभे राहून फोटो काढणार. मी काही बोलले नाही. ड्रायव्हरनं मागच्या सीटच्या गप्पांत पडू नये.

निघताना देवयानी म्हणाली, "यावर लिहू नकोस हं मंडळाच्या अंकात!" मंडळाच्या अंकात माझं वर्षातून चारदा सदर असतं. प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्यावर आहे, म्हणून ते लोकप्रिय आहे.

अंकात नाही लिहिणार, देवयानी. ही वही आहे.

३० जुलै, रविवार

आज एक गंमत झाली.

गाडीच्या विम्याचा फॉर्म आला. ड्रायव्हरचं नाव पासपोर्टवर असेल तसंच लिहा, म्हणून कपाट उघडलं. वर शेखरचा, तांबडा, ब्रिटिश. खाली माझा. निळा. तीन सिंहांचा.

आणि मी पलंगावर बसून हसले. एकटीच.

माझा पासपोर्ट भारतीय आहे. मला फ्रान्सचा व्हिसा लागतो. त्रेपन्न ओळींमध्ये व्हिसाची ओळ नाही!

पुष्कर, देवयानी, संजय, लीला, चौघंही ब्रिटिश. शेखर दोन वर्षांपूर्वी झाला. हॅरोच्या कौन्सिलमध्ये राणीच्या तसबिरीखाली शपथ, मग हस्तांदोलन, मग बिस्किटं. मी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःला जमलं नाही. छप्पन सालच्या ऑक्टोबरात माझ्या बाबांनी नागपूरच्या मैदानावर दीक्षा घेतली तेव्हा दीड वर्षांची मी त्यांच्या खांद्यावर होते. बाबा म्हणायचे, आपल्याला माणूस म्हणणारा पहिला सरकारी कागद म्हणजे घटना. त्या सरकारचं पुस्तक परत कर म्हटलं तर माझा हात पुढे होत नाही. बाकी काही नाही. देशप्रेमाचं भाषण मला येत नाही.

आणि हाच पुष्कर नव्याण्णव साली पॅरिसच्या व्हिसासाठी पहाटे पाचला रांगेत उभा होता. घडीचं स्टूल घेऊन. ते स्टूल आमचं होतं. अजून परत आलेलं नाही. माणूस रांगेतून सुटला की रांग असते हेच विसरतो.

आता प्रश्न असा, की सांगायचं का?

३१ जुलै

नाही सांगायचं.

डोव्हरलाच फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात. सात सीटची गाडी, मागे पाच ब्रिटिश, मांडीवर चिवड्याचे डबे. खिडकीतून मी निळं पुस्तक पुढे करणार. तो फ्रेंच माणूस पानं उलटणार. पुन्हा उलटणार. आजोबांना वेशीवरून मागे फिरावं लागायचं. या वेळी मी मागे फिरणार, पण गाडीसकट; विमा माझ्या एकटीच्या नावावर आहे. वेस आता डोव्हरला आहे.

किती दिवसांनी गाढ झोप लागली.

१० ऑगस्ट, गुरुवार

विमानात बाटलीतून स्फोटकं नेण्याचा कट पकडला. हीथ्रोवर हाहाकार, पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत. पुष्करचा फोन, आवाजात विजय — "बघा सुचेताताई, म्हणून मी म्हणत होतो, बाय रोड! मी सगळ्याचा विचार केलेला असतो."

मी म्हटलं, "हो ना. काहीच सुटत नाही तुझ्या नजरेतून."

२० ऑगस्ट, रविवार

मीटिंग तिसरी. विषय: खाणं. फ्रान्समध्ये उपाशी मरू या भीतीनं लीला चाळीस थालीपीठं करणार आहे. पुष्करचा नियम, गाडीत लसणाची चटणी नाही, नाकाची 'सेन्सिटिव्हिटी' जाते.

मग मुद्द्यावर आला. तळघरं छोटी असतात, पार्किंगची पंचाईत असते. "तर सुचेताताई, तुम्ही गाडीतच बसलात तर बरं. तुम्हाला वाचनाची आवडही आहे. तासाभराचा तर प्रश्न!" रोज तीन तळघरं. नऊ दिवस. सत्तावीस तासांत मी कुठलं पुस्तक वाचायचं यावरही चर्चा झाली. मला सोडून.

मी शेखरकडे पाहिलं. तो स्वतःच्या मोज्यांकडे पाहत होता. छत्तीस वर्षांपूर्वी नागपूरच्या कॉलेजात, पाण्याच्या माठावरून कुणी काही बोललं म्हणून यानं प्रोफेसरच्या टेबलावर माठ नेऊन ठेवला होता. तोच माणूस. मोजे पाहत.

"शेखर तर आहेच आमच्याबरोबर आत," देवयानी म्हणाली.

आत. न पिणारा शेखर आत काय करणार? मी विचारलं नाही. घरी येताना त्यानं विचारलं, "तू गप्प का आहेस?"

म्हटलं, "वाचनाची तयारी."

२८ ऑगस्ट, बँक हॉलिडे

शेखर शांत आहे. फार शांत आहे.

हा माणूस केंब्रिजला एका दिवसासाठी जायचं असलं तरी आदल्या आठवड्यात सँडविचची यादी करतो. नागपूरला जायचं तर महिनाभर आधी बॅगा हॉलमध्ये, आणि पोट बिघडलेलं. फ्रान्सला सहा आठवडे राहिलेत. बॅगा माळ्यावर आणि पोट उत्तम.

मुद्दाम विचारलं, "काही राहिलं तर नाही ना? कागदपत्रं वगैरे?"

"सगळं झालंय," तो म्हणाला. पेपर खाली न घेता.

माझ्या पासपोर्टचं नूतनीकरण दर वेळी तोच करतो. फोटो मोजपट्टीनं मोजून चिकटवतो. पण असेल, विसरला असेल. ब्रिटिश झाला की विसरायला होत असावं.

१० सप्टेंबर, रविवार

आज पाचवा ग्लास सापडला.

लीलाकडे थालीपीठांची रंगीत तालीम. संजयनं दुपारीच बाटली उघडलेली. मी सहज म्हटलं, "ते पाचचं चार केलंत का रे?"

"पाचच बरोबर आहे की," संजय म्हणाला. "आम्ही चार, आणि शेखर. अहो, ऑफिसात शुक्रवारी पबमध्ये तिसऱ्या पाइंटनंतर शेखरसारखी कंपनी नाही. रेड तर त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते."

लीलानं त्याच्या पायावर पाय दिला. त्याला तेही कळलं नाही. पुढे ओल्या मातीवर बोलत राहिला.

शुक्रवार. उशिरा येण्याची त्याची कारणं: 'मंथ-एंड', 'ऑडिट', 'सिस्टिम डाउन'. आणि खिशातली बडीशेपेची डबी! दोन वर्षं मी समजत होते ॲसिडिटी आहे. दिवसभर मी अर्ध्या हॅरोची लिव्हरं तपासते, कोण किती खोटं बोलतंय ते नळीत दिसतं मला. घरातली नळी तेवढी तपासायची राहिली.

त्यानं प्यायली याचा राग आहे का? आहे. पण तो मावेल कुठेतरी. मावत नाही ते वेगळंच आहे. 'आम्ही दोघंही घेत नाही' असं मी त्या बार्बेक्यूत म्हटलं तेव्हा तिथल्या चौघांना माहीत होतं. शेखरला माहीत होतं. सगळ्या अंगणात 'आम्ही दोघं' या शब्दांवर विश्वास ठेवणारी मी एकटी होते.

त्याला विचारलेलं नाही. विचारलं की तो सांगेल, रडेल, आणि मग मीच चहा करून देईन. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

११ सप्टेंबर

एक मात्र आहे. डोव्हरला गाडी मागे फिरली की फ्रान्स संपलं. तो पिताना मला कधीच दिसणार नाही. मला खरंच हेच हवं होतं का?

१७ सप्टेंबर, रविवार

सकाळी विमलाबाईंचा फोन. विहाराच्या कमिटीवर आहेत, सत्तरीच्या, आवाज अजून नागपूरच्या इंदोऱ्यातल्या गल्लीला पुरेल एवढा. चौदा ऑक्टोबरचा कार्यक्रम — धम्मदीक्षेला पन्नास वर्षं. हॉल मिळाला, भन्तेजी येणार, खीर माझ्याकडे.

मी सांगितलं, "विमलाबाई, चौदाला आम्ही फ्रान्समध्ये असू."

"काहून गं, मजाक करून राहिली काय? शेखरभाऊ त्या दिवशी समोर उभं राहून पंचशील म्हणणार हायेत. सगळे त्याईच्या मागून म्हणतील. ऑगस्टातच नाव देलं त्याईनं. स्वतः होऊन. परवा मी पुन्हा इचारलं तं म्हणे, पक्कं समजा. मी म्हटलं, माणूस असावा तं असा."

फोन ठेवला. जिन्याच्या पायरीवर बसले.

म्हणजे तो विसरलेला नाही. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की माझ्या पासपोर्टवर ही गाडी डोव्हरच्या पुढे जाणार नाही. मी ज्याची वाट बघतेय, त्याचीच तो वाट बघतोय. म्हणून पोट उत्तम. म्हणून बॅगा माळ्यावर. डोव्हरला तो कपाळाला हात लावेल. पुष्करला म्हणेल, काय करणार, सुचेताचा हट्ट, पासपोर्ट बदलत नाही. त्यांच्यात तो पाचवा ग्लास म्हणून शाबूत. विहारात चौदाला पांढरा सदरा घालून पाचही शीलं म्हणायला शाबूत. माझ्यासमोर ग्लास उचलायची वेळ येणार नाही, म्हणून घरातही शाबूत.

बाबांच्या देशाचं पुस्तक. मी ते जपलं कशासाठी, आणि हा पांघरतोय कशासाठी.

२० सप्टेंबर, बुधवार

लॅबला सुट्टी टाकली. कशाला, ते इथेही लिहीत नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

शेखर कपाटाजवळ. "पासपोर्ट जागेवर नाहीत गं?"

"फेरीच्या बुकिंगला नंबर हवे होते. माझ्याकडे आहेत दोन्ही."

"बरं," म्हणाला. शीळ घालत बागेत गेला. कुंपणाची हेज कापली. सुरेख कापली.

२ ऑक्टोबर, सोमवार

दसरा. लीला संध्याकाळी सोनं द्यायला आली, इथे आपट्याची पानं कुठली, कसल्यातरी झुडपाची. दारातच थांबली. म्हणाली, "त्या दिवशी संजय जे बोलला… मला झोप नाही लागली गं. मी गाडीत तुझ्याजवळ बसणार आहे. मला नाही आवडत ती वाइन. आमसुलाचं सारच बरं."

मी म्हटलं, "थालीपीठं गाडीतच ठेव. आणि लसणाची चटणी घे."

हसली. डोळे पुसले. या चौघांत एक माणूस आहे, हे अकरा वर्षांनी कळलं. म्हणजे माझीही नजर काही फार तयार नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

काल माझा पासपोर्ट परत आला. आत फ्रान्सचा व्हिसा. ब्रिटिश नागरिकाची बायको म्हणून झटपट दिला. लग्नाचा दाखला आणि शेखरचा पासपोर्ट काउंटरवर ठेवला, एवढंच. आज सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ते पान उघडून ठेवलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. हात बडीशेपेच्या डबीकडे गेला आणि तसाच मागे आला.

विमलाबाईंना कळवलं, खीर दुसऱ्या कुणाला सांगा. शेखर चौदाला पंचशील म्हणणारच, फक्त जागा बदलली. एक्सेलमधली ओळ सत्तेचाळीस — बर्गंडीतलं बोन, सकाळी अकरा, टेस्टिंग, पाच जण. पावणेअकराला तळघराच्या दारात तो म्हणेल, मी त्याच्या मागून म्हणेन. चार शीलांपर्यंत.

पाचवं त्यानं एकट्यानं म्हणायचं. मी थांबेन. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे.